उकळलेले पाणी आणि न दिसणारे शिसे

पावसाळ्यात पेठ तालुक्याच्या डोंगरदऱ्यांतून पाण्याचे लोट वाहतात. परंतु उन्हाळा लागताच तेथील पाड्यांवरील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दूरच्या झऱ्यावर जावे लागते. इतक्या कष्टाने आणलेले पाणी उकळून पिणे सर्वथा योग्य होय. त्यायोगे पटकी, विषमज्वर, हगवण यांस आळा बसतो. मात्र उकळलेले पाणी सर्व दोषांपासून मुक्त झाले, ही समजूत चुकीची आहे.

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही द्रव्ये उष्णतेने नाश पावत नाहीत. उलट पाण्याची वाफ निघून जाते आणि ती मागे राहतात. फडक्याने गाळल्याने वा क्लोरीन घातल्यानेही विरघळलेले शिसे जात नाही. त्यास रंग, वास किंवा चव नसते. भारतीय मानकाप्रमाणे १ लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिशाने होणारी हानी पुढे भरून येत नाही.

बांगलादेशात रोगजंतूंपासून बचाव व्हावा म्हणून १९७० नंतर लक्षावधी कूपनलिका घेण्यात आल्या. पाणी स्वच्छ दिसे. परंतु १९९३ मध्ये त्यात आर्सेनिक आढळले. पेठची भूमी काळ्या कातळाची आहे, गाळाची नव्हे. म्हणून तेथील भय येथे पसरविणे अनुचित ठरेल. बोध एवढाच की, डोळ्यांस निर्मळ दिसणारे पाणी तपासल्याविना निर्दोष मानू नये.

पेठसारख्या भागात अधिक लक्ष द्यावयाचे ते माणसाच्या हातून येणाऱ्या शिशाकडे. कल्हईच्या कथिलात शिसे मिसळलेले असू शकते. पितळी तोट्यांत रात्रभर साचलेल्या पाण्यात ते उतरते. पीव्हीसी नळ्यांतील शिसे हटविण्याचे नियम केंद्र शासनाने २०२१ मध्ये केले. जुन्या नळ्या मात्र जागीच आहेत. निकामी बॅटऱ्या विहिरीच्या काठी फोडणे, हा तर उघड अपराधच होय.

उपाय खर्चिक नाहीत. सकाळी तोटीचे पहिले पाणी सडासारवणास वापरावे व नंतरचे पिण्यास भरावे. स्वयंपाकास गरम पाणी तोटीतून न घेता थंड पाणी घेऊन तापवावे. कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्यावी. औषधांचे रिकामे डबे पाण्यासाठी कदापि वापरू नयेत.

महागडे शुद्धीकरण यंत्र घेण्याची घाई मात्र शेतकऱ्याने करू नये. उलट परासरणाचे यंत्र शिसे काढते हे खरे. पण ते बरेच पाणी वाया घालविते, आणि टंचाईच्या गावास ते परवडणारे नाही. आधी तपासणी, मग उपाय, हाच क्रम शहाणपणाचा. गावातील तपासणी पेटीत बहुधा शिशाची चाचणी नसते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नमुना जिल्हा प्रयोगशाळेकडे पाठविताना धातूंची तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी आणि आलेला निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. जे पाणी आणण्यास माउलीचे अर्धे आयुष्य खर्ची पडते, ते तिच्या लेकरास बाधू नये, एवढी दक्षता गावाने घेतलीच पाहिजे.