जुन्या कंट्री गवयांचीं चलच्चित्रें

अमेरिकेच्या दक्षिण भागांतील खेड्यापाड्यांतून ज्या गायनाचा उगम झाला व ज्यास तिकडे 'कंट्री' संगीत म्हणतात, त्याच्या जुन्या गवयांचीं चलच्चित्रें हल्लीं कोणासही घरबसल्या पाहावयास सांपडतात. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कित्येकांनीं तीं मोबाईलच्या पडद्यावर ओझरतीं पाहिलींही असतील. या 'ओझरतीं' शब्दाबद्दलच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. अर्धें कडवें ऐकून बोटानें तें पुढें सारावयाचें, ही जी संवय आमच्या मुलांस (आणि खरें सांगावयाचें तर त्यांच्या वडील माणसांसही) जडली आहे, तिच्यामुळें हाताशीं आलेली एक मोठी ठेव आपण दवडीत आहों, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ही ठेव किती थोडी आहे हें प्रथम ध्यानांत घ्यावें. जिमी रॉजर्स हा या संगीताचा जनक मानला जातो. तरुणपणीं तो रेल्वेंत ब्रेकमनचें काम करी. १९२४ सालीं त्यास क्षय जडल्याचें निष्पन्न झालें. १९२७ च्या ऑगस्टांत टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं त्याचें पहिलें ध्वनिमुद्रण झालें. आणि १९३३ च्या मे महिन्यांत, अवघा ३५ वर्षांचा असतां, तो न्यूयॉर्क येथें वारला. शेवटच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीं दोन गाण्यांच्या मध्यें त्यास खाटेवर पडून विश्रांति घ्यावी लागे. त्याचीं शंभराहून अधिक गाणीं तबकड्यांवर आहेत. परंतु त्यास गातांना पाहावयाचें तर १९२९ सालीं न्यू जर्सींतील कॅम्डन येथें घेतलेला 'द सिंगिंग ब्रेकमन' हा सुमारें नऊ मिनिटांचा बोलपट, एवढेंच काय तें साधन. स्टेशनावरील एक साधी खाणावळ, दोन स्त्रिया, आणि रेल्वे-कामगाराच्या वेषांत गिटार घेतलेला रॉजर्स. तीन गाणीं होतात आणि चित्र संपतें. गळा एकदम वरच्या स्वरांत फेकून तो जें 'योडल' करी, तें करितांना तो किती सहज दिसतो! छातींत रोग घेऊन हा मनुष्य गात आहे हें ज्यास ठाऊक आहे, त्यासच त्या सहजपणाची किंमत कळते. नऊ मिनिटें म्हणजे आमच्या शाळेच्या मधल्या सुटीहूनही थोडीं. तेवढीं तरी अखंड पाहूं नयेत काय?

हँक विल्यम्स याची हकीकत याहून फारशी निराळी नाहीं. १९५२ च्या मार्च व एप्रिल महिन्यांत केट स्मिथ या गायिकेच्या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत तो गायिला. त्या काळीं असे कार्यक्रम थेट होत. चित्रफितीवर ते सांठविण्याचें यंत्र १९५६ पर्यंत बाजारांत आलेंच नव्हतें. एखादा कार्यक्रम टिकवावयाचा तर दूरचित्रवाणीच्या कांचेसमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून चित्राचेंच चित्र घ्यावें लागे. म्हणून तीं चित्रें धुरकट व पुसट आहेत. आमच्या घरांतील मुलांनीं "जुनाट दिसतें" म्हणून एकदां तें बंद केलें होतें. हें कारण आम्हीं समजावून सांगितल्यावर मात्र त्यांनीं आपण होऊन पुन्हां लाविलें. अनिता कार्टर हिच्याबरोबर गाणारा तो सडपातळ तरुण १९५३ च्या पहिल्याच दिवशीं, कार्यक्रमास जात असतां, मोटारींत मरण पावलेला आढळला. त्याचें वय २९ होतें.

कोणी म्हणेल, गाणें कानानें ऐकावयाचें. तेथें डोळ्यांचें काय काम? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. उलट त्याच्या बाजूचा एक दाखला आम्हीच देतों. केंटकींतील मर्ल ट्रॅव्हिस हा आंगठा व तर्जनी एवढ्यांनींच गिटार वाजवी. आंगठ्यानें खर्जाच्या तारांवर ठेका आणि तर्जनीनें चाल. चेट ॲटकिन्स यानें मुलगा असतांना तें वादन सिनसिनाटीच्या रेडिओवर ऐकलें. पाहिलें नव्हतें. एवढें सारें दोन बोटांनीं होत असेल हें त्याच्या मनांतही आलें नाहीं. म्हणून त्यानें आंगठ्यास आणखी बोटांची जोड देऊन एक निराळीच पद्धति बसविली, आणि तिच्याच जोरावर तो पुढें जगभर नांवाजला गेला. त्या वयांत ट्रॅव्हिसचा हात त्याच्या दृष्टीस पडता, तर कदाचित् ही नवी पद्धति निर्माणच झाली नसती! हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. परंतु हजारांत एखादाच ॲटकिन्स निघतो. बाकीचे आपण न पाहिल्यामुळें चुकतों आणि चुकलेलेच राहतों. १९५० नंतर दूरचित्रवाणीकरितां स्नेडर यांनीं जीं लहान लहान चित्रें घेतलीं, त्यांत ट्रॅव्हिसचा उजवा हात स्पष्ट दिसतो. तसेंच १९५४ ते १९५६ या काळांत गॅनवे यांनीं ऑप्रीचे गवई रंगीत चित्रांत उतरविले. बहुतेक घरांतील दूरचित्रवाणी त्या वेळीं काळीपांढरीच होती, तरी त्यांनीं हा खर्च केला. त्या चित्रांत मेबेल कार्टरबाई आहेत. आंगठ्यानें जाड तारांवर चाल वाजवून उरलेल्या बोटांनीं ताल धरण्याची त्यांची रीत गिटार शिकणाऱ्या मुलामुलींनीं एकदां आवाज बंद करूनच पाहावी.

पाहतांना एक प्रश्न मात्र मनांत जागा ठेवावा: चित्रांत कोण नाहीं? नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओवरील कार्यक्रमाचा आरंभ १९२५ सालीं झाला. त्याच्या पहिल्या पिढींतील अत्यंत लोकप्रिय वादकांपैकीं डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय होता. आगगाडीचा आवाज तो आपल्या इवल्याशा हार्मोनिकांतून हुबेहूब काढी. १९४० सालीं ऑप्रीच्याच नांवाचा एक बोलपट निघाला. त्यांत रॉय एकफ आहे, सत्तरीस टेकलेला अंकल डेव्ह मेकन बँजो घेऊन मोठ्या मौजेनें गातो. बेली कोठेंच नाहीं. पुढच्या वर्षीं ऑप्रीनें त्यास काढून टाकलें, आणि त्यानें नॅशव्हिलमध्यें जोडे पुसण्याचें दुकान चालवून पोट भरलें. १९८२ सालीं तो वारला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत त्याची गणना झाली ती २००५ सालीं. केवळ जुन्या चित्रांवरून 'हें गोऱ्या लोकांचें संगीत' असा ग्रह जो करून घेईल, तो फसेल.

याच ग्रहास उत्तर देणारें एक चित्र सुदैवानें आहे. १९३० सालीं रॉजर्सनें आपलें नववें 'ब्लू योडल' गायिलें, त्या वेळीं ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग होता. तबकडीवर त्याचें नांव छापलें गेलें नाहीं. चाळीस वर्षांनीं, ऑक्टोबर १९७० मध्यें, जॉनी कॅश यानें आर्मस्ट्राँगला आपल्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांत पाहुणा म्हणून बोलाविलें, आणि दोघांनीं मिळून तेंच गाणें सादर केलें. रायमन सभागृहांतील ही गोष्ट. तें सभागृह १८९२ सालीं धर्मोपदेशाच्या सभांकरितां बांधलेलें असून तेथील श्रोते अजूनही चर्चमधील लांकडी बांकांवर बसतात. पुढच्या जुलैंत आर्मस्ट्राँग वारला. तें चित्र कोणी जपून ठेविलें नसतें, तर त्या तबकडीवरील अन्यायाची दुरुस्ती कोणास दिसली असती?

पालकांपैकीं पुष्कळांस या गवयांत जिम रीव्हज् तेवढा घरचा वाटेल, आणि तें स्वाभाविक आहे. १९६३ सालीं निघालेली त्याच्या नाताळगीतांची तबकडी मुंबई, पुणें, गोवें येथील कित्येक ख्रिस्ती घरांत वर्षानुवर्षें वाजत आली आहे. त्याचा तो मंद, गंभीर आवाज ज्यांनीं ऐकला त्यांतील बहुतेकांनीं त्यास गातांना कधींच पाहिलेलें नाहीं. १९६४ च्या एप्रिलांत नॉर्वेमधील ऑस्लो येथें झालेला त्याचा जलसा तेथील दूरचित्रवाणीनें चित्रित करून ठेविला आहे. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं नॅशव्हिलजवळ विमान कोसळून तो ४० व्या वर्षीं गेला. मायक्रोफोनच्या अगदीं जवळ जाऊन हळू गाण्याची त्याची रीत या चित्रांत पाहून घेण्यासारखी आहे. या नाताळच्या सुटींत तें चित्र मुलांनीं मोठ्या पडद्यावर लावावें, मध्यें न थांबवितां शेवटपर्यंत चालूं द्यावें, आणि ज्या आजीनें ती तबकडी इतकीं वर्षें जपली तिला पुढची खुर्ची द्यावी.