वेस गेली, कमान आली

जुन्या वास्तूंचा विषय निघाला की युरोपचा दाखला द्यायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. ‘तिकडे बघा, दगड न् दगड कसा जपतात!’ हे वाक्य ऐकले नाही असा मराठी वाचक विरळा. तेव्हा आधी तिकडेच पाहू.

हॉलंडमधल्या हारलेम शहराला एके काळी अनेक वेशी होत्या. आज उरली आहे ती एक, आम्स्टरडॅमकडची. बाकीच्या कुणा शत्रूने पाडल्या नाहीत. एकेक करून शहरानेच उतरवल्या. हीसुद्धा 1865 साली पाडायचे घाटत होते. पण तिच्याजागी नवा पूल बांधायला पैसा नव्हता, म्हणून काम लांबले आणि वेस वाचली. म्हणजे तिला तारले ते इतिहासप्रेमाने नव्हे, रिकाम्या तिजोरीने! पुढे 1873 मध्ये व्हिक्टर द स्टुअर्स या गृहस्थाने एका मासिकात जळजळीत लेख लिहून देशबांधवांच्या या अनास्थेची लक्तरे वेशीवर टांगली. दोनच वर्षांनी सरकारने कलाविषयक नवे खाते काढून त्यालाच त्याचे प्रमुख केले. तरीही स्मारकांचा सर्वंकष कायदा यायला 1961 साल उजाडले. वास्तुप्रेम डचांच्या रक्तात नव्हते. ते भांडून मिळवावे लागले.

आपल्याकडे हे भांडण कुणी करायचे, आणि मुख्य म्हणजे कशासाठी करायचे?

आम्ही न्हावऱ्याच्या परिसरात वावरणारी माणसे. शिरूर-चौफुला रस्ता असो की आतले फाटे, गाव येण्याआधी हल्ली सिमेंटची स्वागतकमान येते. तिच्यावर गावाचे नाव आणि बहुधा देणगीदाराचेही. वेशीला दारे असत, अडसर असे, दिंडी असे, पहाऱ्याच्या देवड्या असत. कमानीला यातले काहीच नाही. ती बंद होत नाही, म्हणून ती कुणाला अडवीत होती असा प्रश्नही तिच्याबद्दल कुणी विचारीत नाही. आमचा कमानीवरचा खरा राग या निरागसपणावर आहे. ती कुरूप आहे ही तक्रार दुय्यम.

पण कमानीला नाके मुरडणाऱ्या वारसाप्रेमींशी आमचे त्याहून मोठे भांडण आहे. त्यांच्या लेखांत वेस म्हणजे दगडी चिरे, शिलालेख, कुण्या सरदाराची स्वारी आणि संध्याकाळी परतणारी गुरे. या चित्रात वेसकर कुठे आहे? रात्री दार लावणारा, परक्याची चौकशी करणारा, गावाच्या सुरक्षेचा भार वाहणारा हा महार वतनदार स्वतः राहायचा वेशीबाहेर. ज्या दाराची राखण त्याच्याकडे, त्या दाराच्या आत त्याला घर नाही! पेशवाईत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी व दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता, कारण तेव्हा सावल्या लांब पडतात, असे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी नोंदवले आहे. डच शहरांतही वेशी रात्री बंद होत आणि उशिरा आलेल्याला पैसे मोजावे लागत. पैशाने उघडणारे दार आणि सावलीने बंद होणारे दार यांतला फरक ज्या इतिहासाला सांगता येत नाही, तो इतिहास नव्हे, पर्यटनाची जाहिरात.

या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. वतन कायद्याने गेले ते त्यानंतर 30 वर्षांनी, 1958 च्या अधिनियमान्वये. वेशीच्या इतिहासातली कोणतीही लढाई याहून मोठी नाही. तिचा उल्लेख असलेली पाटी एखाद्या वेशीवर वाचकांनी पाहिली असेल, तर आम्हांला जरूर दाखवावी.

यावर कुणी म्हणेल, अशी वेस पडली तर बिघडले कुठे? प्रश्न रास्त आहे, आणि तो वेशीबाहेरून आला असेल तर आम्ही मान खाली घालूनच ऐकू. पण वेस पाडल्याने अन्याय पडत नाही, त्याचा पुरावा तेवढा पडतो. कित्येक गावांत वेस जाऊन पिढ्या लोटल्या. वेशीबाहेरची वस्ती आहे तिथेच आहे. दार नाहीसे झाले की ‘आमच्या गावात असले काही नव्हतेच’ म्हणायला सगळे मोकळे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिथे वेस उभी आहे तिथे ती राखा; पडली असेल तिथे तिची जागा ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवा; आणि दोन्ही ठिकाणी पाटीवर बांधणाऱ्याच्या नावासोबत वेसकराचेही लिहा. नाव सापडत नसेल तर निदान तो कुठे राहत होता, एवढे तरी लिहा.

तेवढे धैर्य नसेल, तर खुशाल कमानी बांधा. फक्त त्यांना वारसा म्हणू नका.