उरलेलं पोर्क आणि गोडा मसाला

पोर्क म्हटलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, "ईऽऽ, डुक्कर?" दुसरी, "आपण मराठी माणसं कुठे खातो ते!" पहिलीबद्दल माझी काही तक्रार नाही, ज्याची त्याची जीभ. दुसरीबद्दल मात्र आहे.

बोरिवलीहून गोराईच्या जेट्टीवर या, बोटीने खाडी ओलांडा आणि पलीकडच्या गावात उतरा. तिथले ईस्ट इंडियन लोक पिढ्यानपिढ्या मराठीच बोलत आलेत, जरा वेगळ्या वळणाची. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा. म्हणजे नाव नवं, माणसं जुनी. त्यांच्या लग्नात पोर्क असतंच. मग हे मराठी जेवण नाही, हे कुणी ठरवलं?

असो. विषय उरलेल्या पोर्कचा आहे.

सध्या आमच्यासारख्या आयटीवाल्यांत वीकेंडला पुल्ड पोर्क करायची हौस आली आहे. खांद्याचा दोन किलोचा तुकडा आणायचा, दालचिनी, लवंग, चक्रीफूल, गूळ लावून मंद आचेवर सात-आठ तास ठेवायचा, मग काट्याने ओढून रेषा मोकळ्या करायच्या. खाणारे चौघे, त्यामुळे डबाभर उरतंच. सोमवारी बर्गर, मंगळवारी बर्गर, बुधवारी कंटाळा, गुरुवारी कचरापेटी. मला राग येतो तो या गुरुवारचा.

कारण शिळं पोर्क कसं खावं हे इथल्या लोकांना केव्हाच माहीत आहे. सोरपोतेल घ्या. मांस आणि कलेजी उकडायची, बारीक तुकडे करून परतायचे आणि मसाला-व्हिनेगरमध्ये शिजवायचे. केल्या दिवशी ते खाणारा माणूस नवखा समजावा. दोन-तीन दिवस मुरलं की खरी चव. विंदालूचंही तेच. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, मूळ पोर्तुगीज शब्द वाइन आणि लसणीचा. आंबटामुळे पदार्थ टिकायचा, फ्रीज नव्हते तेव्हाची युक्ती.

म्हणून माझा पहिला सल्ला: उरलेल्या गोडसर पोर्कला आंबट द्या. कांदा परता, लसूण ठेचून घाला, पोर्क टाका, वरून दोन चमचे व्हिनेगर. बाटली मसाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. हा ईस्ट इंडियन मसाला उन्हाळ्यात वीसहून जास्त जिनसा भाजून, कुटून करतात आणि बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, उजेड लागू नये म्हणून. सोबत फुगे किंवा तांदळाची भाकरी.

दुसरा सल्ला ऐकून दोन्हीकडचे लोक मला मारतील :) गोडा मसाला घाला. नीट विचार करा, त्यातही दालचिनी, लवंगच आहे की! गार भात मोकळा करा, पोर्कच्या चरबीतच मोहरी-कढीपत्त्याची फोडणी करा, मग रेषा, भात, चमचाभर गोडा मसाला, शेवटी लिंबू. फोडणीचा भात आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही, त्यात फक्त एक पाहुणा वाढला. गोराई गावातल्या मित्राच्या आईला मी हे डब्यात नेऊन दिलं. आंटीने एक घास खाल्ला, "विनेगर कमी हाय" म्हणाल्या आणि डबा परत दिला नाही.

घावनात भरा, उकडलेल्या बटाट्यात मिसळून पॅटिस करा, ऑम्लेटमध्ये घाला, सगळं चालतं. फक्त व्हिनेगर घातलं म्हणून आठवडाभर ठेवू नका. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत फस्त, आणि लागेल तेवढंच काढून वाफा येईपर्यंत गरम. डब्याच्या तळाशी जेली दिसली तर फेकू नका, तो रस्सा आहे. तो भातात जातो.