मायबापांची मुदत

भीमा आणि घोड या नद्यांच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या आणि रांजणगाव-कुरकुंभचे कारखाने पोटाशी घेऊन बसलेल्या शिरूर-दौंड परिसरातील शिकलेली मुले आता टोरोंटोला, मेलबर्नला, टेक्सासला स्थिरावू लागली आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ, हयातभर तालुक्याची वेस क्वचितच ओलांडलेल्या त्यांच्या मायबापांनाही सात समुद्रांपलीकडच्या कायद्यांशी परिचय करून घेणे भाग पडले आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा बांधून घेऊन तिची आई विमानात बसते, तिची मुदत सरत आली की जावयाची आई दाखल होते, आणि अशा रीतीने दोन विहिणी बाळाचे पहिले वर्ष आपसांत वाटून घेतात. ही वाटणी घरच्यांच्या सोयीची नसून परक्या सरकारच्या दिनदर्शिकेची असते. कारण अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका भेटीची परवानगी साधारणतः सहा महिन्यांचीच मिळते, आणि ब्रिटनची मर्यादाही तेवढीच आहे.

हा प्रश्न सोडविता येतो, याचे दाखले उपलब्ध आहेत. कॅनडाने २०११ च्या डिसेंबरात आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला आणि २०२२ च्या जुलैपासून एका भेटीत सलग पाच वर्षे राहण्याची मुभा दिली. ऑस्ट्रेलियाने २०१९ पासून तीन किंवा पाच वर्षांची आणि न्यूझीलंडने २०२५ च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांची सोय केली. वृद्धांच्या दुखण्याचा भार यजमान देशाच्या इस्पितळांवर पडेल, हा आक्षेप निराधार नाही. परंतु म्हणूनच कॅनडा मुलाच्या उत्पन्नाची अट घालतो, वैद्यकीय तपासणी करवितो आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरच्या संरक्षणाचा विमा मागतो. या अटी बेताच्या मिळकतीच्या मुलाला जड जातात, हे मात्र मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप, म्हातारी माणसे गेली की परतणार नाहीत, हा मात्र आमच्या गावांची ओळख नसलेल्यांचा आहे. मुलाखतीसाठी जी फाईल सिद्ध होते तिच्यात पेन्शनच्या कागदांसोबत सातबाऱ्याचा उतारा असतो, त्यावर विहीर आणि ऊस यांची नोंद असते, आणि त्या उसाची तोड, पाण्याची पाळी व गावची यात्रा म्हाताऱ्याला कोणत्याही हमीपत्राहून अधिक खात्रीने परत ओढून आणतात. उलट मुदतच तुटपुंजी असली, आणि लगेच पुन्हा गेल्यास विमानतळावरील अंमलदार हेतूविषयी शंका घेईल अशी धास्ती असली, की माणूस मिळालेले सहा महिने करमत नसतानाही शेवटच्या दिवसापर्यंत काढतो. पाच वर्षांची परवानगी म्हणजे पाच वर्षांचे वास्तव्य नव्हे. गरज पडेल तेव्हा जाण्याची आणि जीव उबगला की निःशंकपणे परतण्याची ती मोकळीक आहे.

येथे आपल्या सरकारलाही काही बोलता येईल. परकीय नागरिकत्व पत्करलेल्या भारतीय वंशीयांना आपण ‘ओसीआय’च्या रूपाने आजन्म व्हिसा दिला आहे, त्यामुळे टोरोंटोत जन्मलेला नातू दौंडला केव्हाही यावे आणि हवे तितके राहावे, असा हक्काचा पाहुणा ठरू शकतो, आणि अमेरिकेतील नातवाकडे जाणाऱ्या शिरूरच्या आजीला मात्र महिने मोजावे लागतात. ब्रिटनशी २०२५ च्या जुलैत व्यापारकरार झाला, त्यात व्यावसायिकांच्या ये-जा करण्याच्या तरतुदी झाल्या. अशाच वाटाघाटींत आईवडिलांसाठी पाच वर्षांची ये-जा, मुलाची हमी आणि भारतीय विमा कंपन्यांच्या पॉलिसीला मान्यता, या तीन बाबी ठामपणे मांडाव्यात. त्या मांडण्यात याचना नाही. त्या देशांचे नागरिक झालेल्या आमच्या मुलानातवंडांना यापेक्षा कितीतरी अधिक आपण आधीच देऊन चुकलो आहोत.