संपादकीय : शोधनिबंध पेटीत राहता कामा नये



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील दुसरी पिढी, तसेच शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातून येथे आलेले तरुण-तरुणी आज विद्यापीठांतून आणि रुग्णालयांतून संशोधन करीत आहेत. पदवी मिळते, सत्कार होतो, छायाचित्र स्मरणिकेत छापले जाते. परंतु त्या संशोधनावरील निबंध कोणत्या शोधपत्रिकेत आला, असे विचारले की पुष्कळदा उत्तर येते, "अजून थोडे काम बाकी आहे." ते थोडे काम म्हणजे निबंधाची अंतिम प्रत सिद्ध करून ती पाठविणे. वैद्यक व्यवसायात राहून मी असे अर्धवट निबंध बरेच वाचले आहेत. त्यांत बुद्धीची उणीव क्वचितच आढळते. आढळते ती परक्या परीक्षकापुढे आपले लेखन ठेवण्याची धास्ती.

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्यातील सिद्धान्त आपण व्यासपीठावरून सांगतो. त्याची बांधणी मात्र फारशी पाहत नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या जातीविषयक व्याख्या ते प्रथम मांडतात आणि प्रत्येकीत ग्राह्य काय, अपुरे काय, ते दाखवितात. हे केतकर म्हणजेच पुढे ज्ञानकोशकार म्हणून ख्यात झालेले. त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे, बेटीव्यवहारास बंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व, वस्तुतः एकच आहेत, हे बाबासाहेब तर्काने उलगडून दाखवितात. मगच स्वतःचे मत येते. आणि अखेरीस, आपला सिद्धान्त निराधार ठरल्यास तो सोडून देण्याची तयारीही ते नोंदवितात. आजच्या शोधपत्रिकेचा संपादक याहून वेगळे काय मागतो?

आता आपल्या रक्ताशी निगडित असलेला विषय घेऊ. सिकलसेल या आजाराचे पहिले वर्णन वैद्यकीय शोधपत्रिकेत १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकावयास आलेला कृष्णवर्णीय तरुण. त्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशी हेरिक यांच्या निदर्शनास आणल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने. लेखक म्हणून नाव मात्र एकट्या हेरिक यांचे लागले. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे. गेली कित्येक दशके आपण अशा निबंधांच्या तक्त्यांत येत आहोत, कोठे 'महार', कोठे 'नवबौद्ध', तर कोठे नुसते 'अनुसूचित जाती' म्हणून. तीन नावांखाली मोजलेल्या माणसांची बेरीज कोण आणि कशी करणार?

म्हणूनच निबंधातील 'पद्धती' या विभागाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. व्यक्तीचा समाज कसा नोंदविला? तिला विचारून, दाखल्यावरून, की आडनावावरून अंदाज बांधून? हे एका वाक्यात लिहिता येते, पण ते वाक्य नसेल तर पुढचे सारे आकडे संशयास्पद ठरतात. रुग्णालयात आलेल्या रुग्णांतील प्रमाण हे गावातील प्रमाण म्हणून सांगता येत नाही, हेही तेथेच स्पष्ट करावयाचे असते. लहान गावाचे नाव, वय आणि आडनाव एकत्र छापले तर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते, याचे भान परक्या संशोधकापेक्षा आपल्याला अधिक असावयास हवे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्याचा भर आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच आहे. विदर्भातील बौद्ध वस्त्यांची गरज त्यासोबत मांडावयाची असेल, तर निवेदने आणि मोर्चे पुरणार नाहीत. परीक्षकांच्या हाताखालून गेलेले आकडे लागतील.

लेखक कोणाला म्हणावे, याचेही नियम आहेत. वैद्यकीय शोधपत्रिकांच्या संपादकांचा जो गट १९७८ साली व्हँकुव्हर येथे प्रथम जमला, त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत : संशोधनाच्या आखणीत, माहिती जमविण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम प्रतीला संमती, आणि संपूर्ण कामाचे उत्तरदायित्व. चारही पूर्ण व्हाव्या लागतात. विभागप्रमुखाचे पद यांत कोठेही नाही. तरीही आमची मुले भिडेखातर वरिष्ठांचे नाव घालतात आणि स्वतः मागे सरकतात. लेखकांचा क्रम काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावा. नमुने गोळा करीत उन्हातान्हात फिरलेली परिचारिका लेखक ठरत नसेल, तर तिची संमती घेऊन नावानिशी आभार मानावेत.

बाकीचे तंत्र शिकता येण्याजोगे आहे. आधी तक्ते करावेत, सारांश शेवटी लिहावा. शोधपत्रिकेच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावे. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असल्यास तसे नमूद करावे. २०२३ पासून ही समितीही ते मागते. परीक्षणाविना आठवडाभरात छापून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

निबंध परत येईल, बहुधा येईलच. १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केलेला 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांनंतर बाबासाहेबांनाही पुन्हा लिहावा लागला. १९२३ मध्ये तो मान्य झाला आणि पी. एस. किंग कंपनीने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्रा. एडविन कॅनन यांनी ग्रंथातील पुष्कळ मुद्दे आपल्याला पटत नसल्याचे प्रस्तावनेतच सांगून टाकले, आणि ती प्रस्तावना ग्रंथात तशीच राहिली.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. दर महिन्यास एक मसुदा-वाचन ठेवावे. एक वाचक त्या विषयातील आणि एक त्या विषयाबाहेरील असावा. दोघांनी पंधरा दिवसांत लेखी आक्षेप द्यावेत. ज्यांचा निबंध पेटीत पडून आहे, त्यांनी तो वार्षिक सभेस येताना सोबत आणावा. तक्ते कच्चे असले तरी चालतील.