बर्फातलं बिऱ्हाड

आपल्याकडे बर्फ म्हटला की दोनच गोष्टी आठवतात. एक, मासळी बाजारात बांगड्यांवर घातलेला. दुसरा हिंदी सिनेमातला, ज्यावर नायिका पातळ साडी नेसून नाचते आणि नायक मात्र जाड कोट घालून फिरतो. एखादं जोडपं थंड देशात राहायला निघालं की आपल्या डोळ्यांसमोर हा दुसरा बर्फ येतो. "मजा आहे बुवा तुमची, रोजच हनिमून!" असं आम्हालाही ऐकवून झालं होतं. आता परत येऊन बरेच दिवस झाले आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो. बर्फ जोडप्याला जवळ आणत नाही, तो दोघांना एका घरात कोंडतो. जवळ यायचं की नाही, ते पुढे ज्याचं त्यानं बघायचं असतं.

आम्ही 2022 च्या नोव्हेंबरात कॅनडातल्या माँट्रियलला गेलो. बायकोला तिथे दोन वर्षांचं संशोधनाचं काम मिळालं होतं. मी पणजीतली नोकरी सोडून तिच्याबरोबर निघालो. मला काम करायची परवानगी होती, पण फ्रेंच येत नव्हतं. क्वेबेक प्रांताने 1977 साली कायदा करून कचेरी, दुकान, कारखाना सगळीकडे फ्रेंचला मानाचं पान दिलं आहे. भाषेसाठी हिरीरीने भांडणाऱ्या गोंयकाराला खरं तर याचं कौतुक वाटायला हवं. मलाही वाटलं. नोकरी शोधायला बाहेर पडलो तेव्हा ते जरा ओसरलं, इतकंच.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी आम्ही दोघंही लहान मुलांसारखे गॅलरीत उभे होतो. फोटो काढले, घरी पाठवले. त्या शहरात वर्षाला सरासरी दोन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. महापालिकेला रस्ते आणि पदपथ मिळून सुमारे 10,000 किलोमीटर साफ करावे लागतात. रात्री रस्त्यावर भोंगा वाजतो. म्हणजे गाड्या हलवा, बर्फ उचलणारी यंत्रं येताहेत. जुन्या घरांना बाहेरून लोखंडी वळणदार जिने असतात. उन्हाळ्यात फार देखणे दिसतात म्हणे. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे रोज सकाळी फावडं घेऊन पायऱ्या मोकळ्या करणं आणि मीठ टाकणं हे माझं काम. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळायचा. आईने दिलेली खोबरेल तेलाची बाटली कपाटात दगड होऊन बसलेली. आई फोनवर विचारायची, "पुता, थंय थंडी खूब मरे?" मी म्हणायचो, "घरात नाही गे." ते खरंच होतं. घर ऊबदार होतं, म्हणूनच बाहेर पडायचं कारण उरत नव्हतं.

जानेवारीत एकदा लक्षात आलं, गेले नऊ दिवस मी पायऱ्यांच्या खाली उतरलेलोच नाही. जेवण करायचं, भांडी घासायची, खिडकीत बसायचं आणि संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं वाजतात का ते ऐकायचं. एके दिवशी तिला तासभर उशीर झाला. मी हुमण तीनदा गरम केलं होतं. ती आल्या आल्या भांडलो. तिने बूटही काढले नव्हते, बर्फाचं पाणी लादीवर पसरत होतं. ती शांतपणे म्हणाली, "तू दिवसभर माझी वाट बघतोस ना, त्याचं मला ओझं होतं रे. तिथे काम करताना पण तू खिडकीत बसलेला दिसतोस."

त्या रात्री मला आपल्या नात्यातल्या, शेजारच्या कितीतरी मुली आठवल्या. लग्न करून नवऱ्यामागे थंड देशांत गेलेल्या. त्यांच्या बर्फातल्या फोटोंना आपण वाहवा केली, पण फोटो काढून घरात गेल्यावर तिचं पुढे काय होतं, हे कुणी विचारलं? मी पुरुष म्हणून माझं बसून राहणं सगळ्यांना खटकलं. तिचं बसून राहणं आपण संसार समजतो.

फेब्रुवारीत तिने हट्टाने आगगाडीची तिकिटं काढली आणि आम्ही क्वेबेक सिटीला गेलो, तीन तासांच्या वर प्रवास. मी कुरकुरत होतो. शहराजवळच मोंमोरन्सी धबधबा आहे, 83 मीटर उंच. थंडीत त्याचे तुषार गोठून पायथ्याशी बर्फाची टेकडी उभी राहते, तिला तिथले लोक साखरेची ढेप म्हणतात. बायको म्हणाली, "आपला दूधसागर इथे असता तर दुधात साखर झाली असती." कित्येक आठवड्यांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो.

तिथे त्याच दिवसांत हिवाळ्याचा कार्निव्हल असतो. आजच्या रूपात तो 1955 पासून चालतो. आपल्या कार्निव्हलात किंग मोमो, तिथे लाल टोपीचा हसरा हिममानव. त्यात होड्यांची शर्यत होते, आणि ती अर्धवट गोठलेल्या सेंट लॉरेन्स नदीत! पाणी असेल तिथे वल्हवायचं, बर्फ आला की उतरून होडी ढकलत पळायचं. पूर्वी बर्फ फोडणारी जहाजं नव्हती तेव्हा टपाल आणि माणसं अशीच नदीपार नेत. ज्या कष्टाला इलाज नव्हता, त्याचा त्या लोकांनी सण केला. आणि मी खिडकीत बसून एप्रिलची वाट बघत होतो.

परतल्यावर मी सरकारच्या विनामूल्य फ्रेंच वर्गात नाव घातलं. रोज वीस मिनिटं बर्फातून चालत जायचं. फ्रेंच यथातथाच आलं, पण संध्याकाळी तिला सांगायला माझ्याकडे माझं असं काहीतरी असायचं. खालच्या मजल्यावरच्या आजींशी मोडकंतोडकं बोलायला लागलो. 1998 च्या जानेवारीत गोठणारा पाऊस पडून तारा-खांब कोसळले, लाखो घरं अंधारात गेली, तेव्हा शेजाऱ्यांनी एकमेकांना कसं सांभाळलं ते त्यांनीच सांगितलं. त्यांच्या मते हिवाळा दोघांच्या बळावर निघत नाही, चार माणसं लागतात.

आपल्या गोव्याला परदेश नवा नाही. पण तारवटी असो की आखातात गेलेला, बहुतेकदा एकटाच जायचा आणि बायको मागे घर सांभाळायची. विरह कसा सोसायचा ते आपल्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. दोघांनी मिळून परक्या मुलखात, बंद दाराआड पाच महिने कसे काढायचे, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. "आजकालच्या मुलांना एकमेकांशी पटवून घेता येत नाही," असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बरोबर असणं पुरतं, ही आपली समजूतच चुकीची आहे.

असो. गेल्या महिन्यात म्हापशाच्या एका मित्राची मुलगी लग्न होऊन टोरांटोला निघाली. घरात जाकीट किती जाड हवं यावर चर्चा रंगली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तो कामावर गेल्यावर तू रोज कुठे जाणार?" ती नवऱ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "त्याच्याकडे नको बघू बाय, तूच सांग. विमानात बसण्याआधी ठरव." मित्राला ते फारसं आवडलं नाही. मुलीने मात्र कागद-पेन आणायला सांगितलं.