ऑपरेशननंतर अँटिबायोटिक किती दिवस?

अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालेल्या घरच्या कर्त्या माणसाचं अँटिबायोटिक डॉक्टर पाचव्या दिवशी बंद करतात आणि घरात कुजबुज सुरू होते. ‘एवढा पू निघाला, आणि औषध बंद?’ अम्मी म्हणते, अजून आठवडाभर तरी द्या. मग कुणीतरी मेडिकलमधून तीच गोळी आणून ठेवतं. हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो.

पोटात पू होतो तो बहुधा आपल्याच आतड्यातल्या जंतूंमुळे. त्यात ई. कोलाय असतो, तसेच हवेशिवाय वाढणारे जंतूही असतात. म्हणून सेफ्ट्रिअॅक्सोनसारख्या औषधाबरोबर पुष्कळदा मेट्रोनिडॅझोल देतात. पण औषध जातं रक्तातून, आणि साचलेल्या पुवात रक्त नीट पोहोचतच नाही. म्हणून खरा इलाज म्हणजे पू काढणं आणि जिथून घाण गळते ती जागा बंद करणं. ते झालं की अँटिबायोटिकला उरलेले जंतू आवरायचे असतात, एवढंच.

अमेरिका आणि कॅनडात ५१८ रुग्णांवर ‘स्टॉप-इट’ नावाचा अभ्यास झाला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. काहींना पू काढल्यावर सुमारे ४ दिवस औषध दिलं. बाकीच्यांना ताप वगैरे उतरल्यावर आणखी २ दिवस. ते साधारण ८ दिवसांवर गेलं. जखमेत पू होणं, पोटात पुन्हा संसर्ग किंवा मृत्यू यांचं एकत्र प्रमाण पहिल्या गटात २१.८ टक्के, दुसऱ्यात २२.३. म्हणजे फरक नाहीच! उलट ज्यांच्या पोटात पुन्हा संसर्ग झाला, त्यांचा तो चार दिवसवाल्यांत सरासरी अकराव्या दिवशी कळला, दुसऱ्यांत पंधराव्या. लांबलेल्या औषधाने दुखणं टळलं नाही, उशिरा कळलं.

अर्थात पू पूर्ण निघालेला नसेल, रक्तात जंतू सापडले असतील किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर डॉक्टर जास्त दिवस देतात. आणि चारच दिवस पुरे म्हणून लिहून दिलेली गोळी आपल्या मनाने सोडायची, असंही नव्हे. डॉक्टरांना सरळ विचारा: पू सगळा निघाला का? औषध किती दिवस, आणि का?

घरी आल्यावर पुन्हा ताप आला, पोट फुगलं, दुखणं वाढलं किंवा उलट्या लागल्या, तर कपाटातली उरलेली गोळी काढू नका. रुग्णाला त्याच दिवशी सर्जनकडे न्या.